बाजूनं उगवणारी माणसं

गेल्या दिवाळीपासून चमनभाई पटवेगारांना एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. माणसं बाजूनं उगवायला लागली होती.

रस्त्यानं नीट चालत असावं, समोर वाट मोकळी असावी, आणि एकदम डाव्या खांद्याला कुणीतरी धडकावं. वर तोंडही त्यानंच सोडावं, "पावणं, डोळं खिशात ठिवल्यात काय?" चमनभाईंना या अन्यायाचा संताप यायचा. क्षणापूर्वी तिथं कुणी नव्हतं, ही काळ्या दगडावरची रेघ. मग हा माणूस आला कुठून? पूर्वी कोल्हापुरातली माणसं समोरून यायची, दणकून हाक मारायची. आता त्यांना काय झालंय, मांजरासारखी पावलं न वाजवता येतात आणि वर आपल्यावरच ओरडतात.

भरीत भर म्हणजे लोक त्यांच्यावर रुसायला लागले होते. शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर कुणी बाजूनं हात उंचावून सलाम करायचा, चमनभाई आपले सरळ समोर बघत निघून जायचे. एकदा झालं, दोनदा झालं, मग शनिवार पेठेत बोभाटा झाला की चमनला माज आलाय. हे त्यांच्या कानावर घातलं त्यांच्या बायकोनं, खैरुनबीनं. तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं की माज करायला आपल्याजवळ हाय तरी काय, आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या कोपरानं लवंडला. तांब्या तिथं कुणी ठेवला, यावरून मग वेगळं भांडण झालं. (घरात ही माणसं दखनी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर कोल्हापुरी. इथं सगळं एकाच बोलीत आलंय, एवढं समजून घ्यावं.)

पटवेगार म्हणजे सोनाराच्या पुढचा माणूस. सोनार गळ्यातल्या साजाची पानं घडवतो, पण ती नुसती पानं काय कामाची? मासा, कमळ, कासव, चंद्र, एकेक पान मण्यांच्या मधे बसवून, दोऱ्यात गाठवून, मागं रेशमी गोंडा सोडला की मग साज होतो. चमनभाई हे काम वयाच्या अकराव्या वर्षापासून करत आले. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, मान खाली घालायची आणि जेवायच्या वेळेलाच वर काढायची. साठीला दोनच वर्षं कमी होती, तरी चष्मा नाही. गुजरीतले, म्हणजे सराफबाजारातले, निम्मे सोनार चाळिशी लावून हिशोब बघत असताना हा माणूस उघड्या डोळ्यांनी राईएवढा मोती ओवतो, याचा त्यांना भलताच गर्व होता. माज म्हणायचाच तर हा एक होता.

त्यांच्या घरात नजर तपासायची रीतही वेगळी. त्यांच्या आज्यानं घालून दिलेली. बासी ईदच्या दिवशी, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी घरातल्या सगळ्यांनी ओळीनं बसायचं. एक डोळा तळहातानं झाकून राईएवढ्या मोत्यात रेशीम ओवायचं, मग दुसरा झाकून पुन्हा. ओवलं तर नजर चोख, नाही ओवलं तर गाजर खा आणि पुढच्या ईदीला परत ये. आज्याला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण प्रत्येक डोळा वेगळा तपासावा हे त्याला कळत होतं, म्हणून चमनभाई या रिवाजापुढं डॉक्टरालाही मोजत नसत. हातच्या काकणाला आरसा कशाला? यंदाही त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पहिल्या झटक्यात ओवलं होतं. त्यांच्या मागोमाग नात मेहकनंही ओवलं. ती नऊ वर्षांची.

मेहक म्हणजे चमनभाईंचा जीव की प्राण. तिचा बाप अझीम बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. आई तहरीम शिवणकाम करणारी. पोरगी वाढली ती आजोबाच्या मांडीवर. लहानपणापासून तिचे डोळे खाजायचे. उन्हाळा लागला की दोन्ही डोळे लालभडक, मुठीनं चोळचोळ चोळायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. यावर इलाज चमनभाईंनी शोधला होता आणि तो इलाज म्हणजे दादीचं औषध.

तीन वर्षांपूर्वी खैरुनबीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत घालायला थेंबांची एक छोटी बाटली मिळाली होती. आधी दिवसातून सहा वेळा, मग चार वेळा, मग दोन, असं उतरत्या भाजणीनं घालून दीड महिन्यात बंद करा, असा कागदही होता. तिनं बंद केलं. बाटलीत थोडं उरलं. चमनभाईंचे डोळे रेशमाच्या धुळीनं सदा चुरचुरायचे, त्यांनी उरलेलं घालून बघितलं. तासाभरात डोळे दुधासारखे पांढरे आणि गार. इतकं गुणकारी औषध फेकून कसं द्यायचं? बाटली संपली तसं त्यांनी रिकामं खोकं मेडिकलवाल्याला दाखवलं, त्यानं तसलंच दुसरं दिलं. तेव्हापासून ती बाटली फ्रिजच्या दारात, लिंबाच्या शेजारी, कायमची झाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी मेहकलाही सुरू केलं. संध्याकाळी कामावरून आले की ती आपण होऊन त्यांच्या मांडीवर डोकं टाकायची आणि डोळे टक्क उघडे ठेवायची. एक थेंब तुला, एक मला. सबंध गल्लीत अशी शहाणी पोरगी नाही, असं ते सांगत सुटायचे. तिचे डोळे निवळले याचं श्रेय तहरीमही सासऱ्यांनाच द्यायची.

तर अशा या चोख नजरेच्या माणसाच्या हातून मार्गशीर्षात महावीरअण्णांच्या दुकानात तबक पडलं.

महावीरअण्णा गुजरीतले जैन सराफ, चमनभाईंच्याच वयाचे, तोंडानं फटकळ. एका लग्नाचा साज गाठवायचा होता म्हणून एकवीस पानं तबकात मांडून त्यांनी चमनभाईंच्या डाव्या हाताशी ठेवली. चमनभाई दोरा घ्यायला वळले आणि त्यांचं कोपर तबकाला लागलं. पानं फरशीवर, खुर्चीखाली, एक तर थेट पायरीवर. गिऱ्हाईक बाईंनी तोंडावर हात घेतला. गोळा करताना दोघेही गुडघ्यावर आले, आणि तिथंच जुंपली. चमनभाईंचं म्हणणं तबक कुणीतरी मागनं आणून सरकवलं. अण्णा म्हणाले, तुमच्या देखत ठेवलंय, ठेवताना तुम्ही हूं म्हणालात. चमनभाई म्हणाले हूं म्हणालो असेन, पण तबक न्हवतं. अण्णांनी हातातली पानं तबकात ठेवली. त्यांनी फरशीवरूनच चमनभाईंच्या डाव्या कानाशेजारी हात हलवून बघितला. चमनभाई पायरीवरच्या माशाच्या पानाकडं बघत होते, त्यांना हात दिसला नाही.

"माझी आई अशीच आंधळी झाली," अण्णा म्हणाले. "उठा. डॉक्टरकडं जायाचं."

चमनभाईंनी जागेवर मोती मागवला, ओवून दाखवला, एकदा या डोळ्यानं, एकदा त्या. अण्णांनी ते बघितलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

डॉक्टर प्रियदर्शनी राजारामपुरीत बसायच्या. वयानं चमनभाईंच्या मुलीसारख्या, बोलणं सावकाश. पहिल्यांदा भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. चमनभाईंनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हटली आणि अण्णांकडं वळून असं बघितलं की अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. मग डोळ्यावर फुंकर मारणारं एक यंत्र झालं, थेंब घालून बॅटरीनं आत बघणं झालं. मग त्यांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं आणि हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडं बघायचं, बाजूला कुठंही दिवा चमकला की बटण दाबायचं. चमनभाई सरसावून बसले. एक दिवा चमकला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र आपलं आत टिकटिक करतंय आणि दिवा काही लागत नाही. त्यांना वाटलं बिघडलं. शेवटी न राहवून त्यांनी यंत्र चालवणाऱ्या मुलीला सांगितलं की बाई, तुमची लाईट गेलीया, बघा जरा. तिनं त्यांची मान हलकेच परत सरळ केली.

डॉक्टरबाईंनी कागद पुढं ठेवला. दोन गोल होते, आणि दोन्ही गोलांत कडेनं काळं पसरत आलेलं. मधे पांढरं उरलं होतं ते जेमतेम रुपयाएवढं.

"हे पांढरं आहे तेवढंच तुम्हाला दिसतंय, काका. समोरचं स्वच्छ, बाजूचं गेलंय. याला काचबिंदू म्हणतात. तुमच्या डोळ्यांतला दाब फार वाढलाय, बत्तीस आहे, आणि त्यानं मागची नस सुकत गेलीय."

चमनभाई म्हणाले आपल्याला बीपी न्हाय. बाईंनी समजावलं की तो दाब वेगळा, हा डोळ्याच्या आतला. तो दुखत नाही, खुपत नाही, चोरासारखा असतो. चमनभाईंना वाडगा कळला नव्हता, कागद कळला नव्हता, आणि जे मुळात दिसतच नाही ते गेलं हे माणसाला कसं कळावं, हेही कळेना. काळं तर त्यांना कुठंच दिसत नव्हतं. समोर डॉक्टरबाई चांगल्या दिसत होत्या. तिकडं वळलं तर अण्णाही दिसत होते.

मग बाईंनी विचारलं की डोळ्यांत काही घालता का. इथं मात्र चमनभाई खुलले. दुकानात चुरचुरलं तर असावी म्हणून त्या दिवशी फ्रिजमधून बरोबर घेतलेली बाटली खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली, कधीपासून घालतो आणि किती गुण आला ते सविस्तर सांगितलं. बाईंनी बाटली हातात घेतली, वाचली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. हे स्टिरॉइडचं औषध, त्या म्हणाल्या. ऑपरेशननंतर थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, ठीक असतं. पण काही जणांच्या डोळ्यांत ते वर्षानुवर्षं गेलं की आतला दाब चढतो. लाली तर जाते, म्हणून माणूस खूश असतो. तुमचं हेच झालंय.

चमनभाईंना हे ऐकून हसू आलं. खरंच हसू आलं. लाल डोळा पांढरा होतो, तो बरा की वाईट? दुखणं थांबवणारं औषध दुखणं कसं होईल? खैरुनबीचा डोळा याच औषधानं बरा झाला, त्याच घरात, त्याच फ्रिजमधलं औषध माझ्यावर कसं उलटेल? ते हे सगळं बोलले की नुसतंच मनात आलं, हे त्यांना नंतर आठवेना.

"घरात आणखी कुणी हे घालतं का?" बाईंनी विचारलं. "लहान मुलांना तर याचा धोका जास्त. आत्ताच सांगा, लवकर कळलं तर डोळे वाचतात."

चमनभाईंच्या डोळ्यांपुढं मेहकचं तोंड आलं. महावीरअण्णा शेजारी उभे होते. ज्या पोरीसाठी आपण कळीकाळाला भ्यायलो नसतो, तिच्या डोळ्यांत दोन वर्षं रोज संध्याकाळी आपण या हातानं काय घातलं, हे तोंडानं म्हणायचं कसं?

"न्हाय," ते म्हणाले. "मी एकटाच."

खोटं बोलायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यात फायदाही काही नव्हता. माणूस घाबरला की आधी खोटं बोलतो आणि कारण मागनं शोधतो. चमनभाईंनी घरी येईपर्यंत कारण शोधलं ते असं, की आधी आपण पोरीची नजर बघू, चोख निघाली तर उगाच घरात आग कशाला लावायची.

घरी तहरीम शिवणाला बसली होती, खैरुनबी भाकरी थापत होती. त्यांनी मेहकला माडीवर नेलं आणि मोती दिला. तिनं एक डोळा झाकून ओवला, दुसरा झाकून ओवला, वर विचारलं की आज ईद हाय काय. चमनभाईंचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ टिकला नाही. मोती तर आपणही ओवतो. दुपारी ओवला की! मग आज्याची रीत, सबंध घराण्यानं ज्यावर विश्वास टाकला ती रीत, बाजूचं काहीच सांगत नाही तर.

दवाखान्यात बाईंनी बोटांनीही एक तपासणी केली होती, ती त्यांनी आठवली. मेहकला समोर बसवलं, माझ्या नाकाकडं बघ म्हणाले, आणि आपला हात बाजूला लांब करून हळूहळू आत आणायला लागले. बोट दिसलं की सांग.

"दिसलं," मेहक म्हणाली.

"खोटं बोलू नगं. अजून आलंच न्हाय बोट."

"आलंय की दादाजी. हलवताय की तुम्ही. ह्ये बघा." आणि तिनं नाकावरची नजर न काढता हात लांब करून त्यांचं बोट धरलं.

चमनभाईंना बोट दिसत नव्हतं. तिची मूठ दिसत नव्हती. बोटावर तिच्या हाताची ऊब मात्र लागत होती. कागदावरचं काळं त्यांना आत्ता कळलं. त्यांनी दुसरा हात केला, तिनं तोही धरला. पोरीला सगळं दिसत होतं, त्यांना नव्हतं. आनंद व्हावा की छाती बडवावी हे न समजून ते तसेच बसून राहिले, दोन्ही हात तिच्या मुठीत देऊन. मेहकला हा खेळ फार आवडला.

त्या संध्याकाळी त्यांनी बाटली गटारात ओतली आणि औषध संपलंय असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मेहकचे डोळे चुरचुरले. तिसऱ्या दिवशी लाल झाले. ती चोळत होती, रडत होती, शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. तहरीमनं सासऱ्यांना विचारलं की औषध आणलं का. ते म्हणाले मिळत न्हाय, कंपनीनं बंद केलं. खोट्याला खोट्याची जोड लागतेच. इकडं त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत डॉक्टरबाईंनी दिलेले नवे थेंब चालू होते, दाबाचे, जन्मभराचे, आणि ते लपून घालताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

पाचव्या दिवशी कामावरून आले तर मेहक दारातच उभी. डोळे पांढरे शुभ्र, लालीचा पत्ता नाही. चमनभाईंना वाटलं अल्लानं ऐकलं. आपोआप बरे झाले! म्हणजे औषध नव्हतंच लागत. म्हणजे सगळंच निभावलं. त्यांनी तिला उचलून घेतलं, साठीच्या घरात आलेल्या माणसानं नऊ वर्षांच्या पोरीला, आणि आत आले. पाण्यासाठी फ्रिज उघडला. दारात, लिंबाच्या शेजारी, कोरी करकरीत बाटली उभी होती.

तहरीमनं आणली होती. जुनं खोकं तिनं सुया ठेवायला जपलं होतं, तेच मेडिकलवाल्याला दाखवलं आणि त्यानं दिलं. अब्बा, तुम्ही म्हटला बंद झालंय, तुमास्नी कुणीतरी फसवलं, असं ती हसत सांगत होती. तिला वाटलं सासरे खूश होतील.

चमनभाई फ्रिजचं दार उघडं टाकून तिथंच खाली बसले. आपण गप्प राहून पोरीला वाचवतोय, असं त्यांना चार दिवस वाटत होतं. आणि गप्प राहिलो म्हणूनच परत तेच तिच्या डोळ्यांत गेलं. आगीतून फुफाट्यात, आणि तेही आपल्याच तोंडानं. रविवार होता, अझीम घरी होता. त्यानं विचारलं अब्बा काय झालं, आणि चमनभाईंनी सांगितलं. वाडग्यापासून बोटांपर्यंत, न्हाय म्हणालो तेही. सांगताना ते रडले. अझीम रागानं उठून दाराशी गेला, तिथं पाठमोरा उभा राहिला. तहरीमनं शिवणाचं कापड तोंडाला लावलं होतं.

सोमवारी सगळं घर रिक्षात बसून राजारामपुरीत गेलं. डॉक्टरबाईंनी आधी मेहकच्या डोळ्यावर फुंकरीचं यंत्र धरलं. ती हसली, पुन्हा मार म्हणाली.

"ताई," चमनभाई म्हणाले, "तुमी त्या दिवशी इचारलं तवा मी खोटं बोललो."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, पण रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं की हिला दिवसातून किती वेळा घालत होता. एकदा, संध्याकाळी, चमनभाई म्हणाले. तेव्हा मागून तहरीमचा आवाज आला, खाली बघत, की सकाळी शाळेला जाताना मी पण एक घालत हुते. अब्बांचं बघून. चमनभाईंनी सगळी मान वळवून तिच्याकडं बघितलं. हे त्यांना माहीत नव्हतं. मग खैरुनबीनं घसा खाकरला. धुरानं डोळे झोंबले की ती पण घालायची. आणि मग अझीम, ज्यानं काल रात्री बापाशी एक शब्द टाकला नव्हता, तो म्हणाला की गाळपाच्या हंगामात रात्रपाळी झाली की डोळे लाल होतात, तवा घरी आलो की मी पण घालत हुतो. एक बाटली अख्ख्या घराच्या डोळ्यांतून फिरत होती आणि जो तो समजत होता की आपण एकटेच. महिनाभरात संपणारी बाटली दहा दिवसांत कशी संपते, हा प्रश्न घरात कुणालाही पडला नव्हता.

बाईंनी सगळ्यांनाच रांगेत बसवलं. बाकीच्या मोठ्यांचे दाब ठीक निघाले. मेहकचा सत्तावीस होता. जास्त होता, पण मागची नस अजून शाबूत होती. औषध आजपासून बंद. खाजेसाठी साधे, बिनधोक थेंब दिले, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, उन्हात टोपी, आणि चोळायचं नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी, उघडल्यावर महिन्यानं फेकायची. लाली हळूहळू जाईल, धीर धरा, लाली बघून घाबरू नका. तीन आठवड्यांनी परत या.

ते तीन आठवडे चमनभाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. पोरीचे डोळे लाल की जीव कासावीस, आणि एखादे दिवशी पांढरे दिसले की आणखी कासावीस, कुणी काही घातलं तर नाही ना. कुठल्या रंगाला भ्यावं आणि कुठल्या रंगाला हसावं, याचा मेळच लागेना. गुजरीत अण्णांनी त्यांची बैठक भिंतीकडं हलवली, म्हणजे डावीकडं भिंतच. काम चालू राहिलं. मोती पूर्वीसारखाच ओवला जात होता, फक्त त्यात पूर्वीची मजा नव्हती.

तीन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, सोळा.

"सोळा म्हंजे चांगलं का वाईट?" चमनभाईंनी विचारलं.

चांगलं, बाई म्हणाल्या. उतरलाय.

"उतरला म्हंजे चांगलं न्हवं?"

चांगलं, काका. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं, आणि बाईंनी तिसऱ्यांदाही सांगितलं. त्यांचं स्वतःचं गेलं ते परत येणार नव्हतं, आहे ते थेंबांवर राखायचं होतं. ते ऐकताना त्यांनी नुसती मान हलवली.

परतताना मेहक त्यांचं बोट धरून चालत होती. उन्हानं तिचे डोळे पुन्हा लालसर झाले होते, टोपी तिनं काढून हातात घेतली होती. शनिवार पेठेच्या कोपऱ्यावर गजरे विकायला बसणाऱ्या अंबूबाईनं पोरीचं तोंड बघितलं आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. लेकराचं डोळं बघा की चमनभाई, पार जास्वंद झाल्यात, असा कसा आजा तुम्ही, एवढं कमावता आणि डोळ्यात घालायला काय आणत न्हाय, असं ती चारचौघांत बोलली. दोन बायका थांबल्या, त्यांनीही माना हलवल्या.

चमनभाईंनी अख्खं अंग वळवलं तेव्हा त्यांना अंबूबाई दिसली. त्यांनी मेहकची टोपी परत तिच्या डोक्यावर नीट बसवली.

"लाल असूदे मावशी," ते म्हणाले. "तिला दिसतंय. सगळीकडनं दिसतंय."